राब भाजायचा, डोंगर नाही

होळी झाली की आमच्या इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात सकाळी सकाळी धूर दिसायला लागतो. भाताच्या, नागलीच्या रोपासाठी राब, म्हणजे रोप वाढवायचा जमिनीचा तुकडा, भाजायचे दिवस. तणाचं बी जळतं, रोपाला राख मिळते आणि लावणीच्या वेळी मुळं न तुटता मूठभर रोप अलगद उपटून येतं. पुतण्या यंदा पहिल्यांदा स्वतःचा राब भाजणार आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

राब बांधाच्या आत घ्या, रानापासून जमेल तितका लांब. खाली शेण, त्यावर काटक्या नि पाला, मग गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती भुरभुरवायची. नवखी पोरं ही माती विसरतात. तिच्यामुळे जाळ दबतो, राब धुमसत राहतो, खालची जमीन नीट भाजते आणि पेटता पाला उडत नाही. भोवतीने सात-आठ हात पट्टा उघड्या मातीपर्यंत झाडून काढा.

काडी लावायची वरच्या अंगाने, सकाळी लवकर. आग चढावर जाते तेव्हा तिच्या झळीनेच पुढचं गवत पेटायला तयार होतं, म्हणून ती धावते. उताराला तीच रांगत येते. ऊन तापलं की वाराही डोंगर चढायला लागतो. एका वर्षी आळस केला, भर दुपारी खालून पेटवलं. शेजाऱ्याची पेंढ्याची गंजी गेली. त्यांची म्हैस मग उन्हाळाभर माझाच पेंढा खात होती!

नवं गवत चांगलं फुटतं म्हणून माळ पेटवणारे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालून थकलो. वणव्यात पातेरा, म्हणजे जमिनीवर पडलेला वाळका पाला, जातो, मग पहिल्या पावसाला माती ओढ्यात.

कायद्याचं ऐका. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच; नियम मोडून जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडून जाणंही गुन्हाच. मुद्दाम किंवा घोर हलगर्जीने जंगल जळलं, तर सरकार तिथले चराईचे हक्कही काही काळ थांबवू शकतं. म्हणजे काडी एकाची, उपाशी गावाची गुरं. आणि कुणाला कळणार नाही या भ्रमात राहू नका. उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनखात्याला पाठवते. राब रानालगत असेल तर आधीच वनरक्षकाच्या कानावर घाला.

हाताशी पाण्याचे हंडे, ओल्या फांद्या आणि दोन माणसं हवीतच. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं की लपवाछपवी न करता वनखात्याच्या 1926 वर फोन करा.

जाळ विझला तरी घरी जायचं नाही. शेण आतून दिवसभर धुमसतं. मी दुपारची भाकरी तिथेच बांधावर खातो, आणि राख हाताला गार लागली की मगच उठतो.