पगारी नोकरी की स्वतंत्र कंत्राट? निर्णयाआधी मांडायचा हिशेब

पुण्यामुंबईच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात आठ-दहा वर्षे काढलेल्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. हाती वर्षाला पंधरा लाख सीटीसीची (म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाची) नोकरी असते आणि कोणी तरी ‘महिना दीड लाख, पण कंत्राटावर’ असा प्रस्ताव ठेवतो. पंधराच्या जागी अठरा लाख, म्हणजे तीन लाखांचा फायदा, असे गणित तिथल्या तिथे होते आणि राजीनाम्याचा मजकूरही डोक्यात जुळू लागतो. मीही एकदा हेच गणित केले होते. बेरीज बरोबर होती. पण कंत्राटात पैसे काम केलेल्या दिवसांचेच मिळतात, हे मी विसरलो होतो.

हिशेबाला बसण्यापूर्वी समोरच्याला ‘कंत्राट’ म्हणजे नेमके काय अभिप्रेत आहे ते विचारून घ्यावे, कारण या एका शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार खपतात. पहिला मुदतीच्या नेमणुकीचा. यात कंपनी तुम्हाला एक-दोन वर्षांसाठी कर्मचारी म्हणूनच घेते. दुसरा ‘थर्ड पार्टी पेरोल’चा, यात तुम्ही बसता एका कंपनीत आणि पगार देते दुसरीच एजन्सी. तिसरा व्यवहार खऱ्या अर्थाने स्वतंत्र असून त्यात तुम्ही सल्लागार म्हणून बिल लावता. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पैशांतून काय कापले जाणार हे पाहणे. पीएफ आणि व्यवसाय कर कापला जाणार असेल, तर तुम्ही कोणाचे तरी कर्मचारी आहात. व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के (काही तांत्रिक सेवांवर २ टक्के) टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता होणारा प्राप्तिकर, कापला जाणार असेल, तर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात आणि पुढचा सगळा भार तुमच्या शिरावर आहे. या लेखात ‘कंत्राट’ म्हणजे हा तिसरा प्रकार.

आता हिशेब. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवार वगळले की सुमारे २६१ दिवस उरतात. त्यातून सणावाराचे १०, स्वतःच्या रजेचे १८ आणि आजारपणाचे ६ वजा केले की २२७. पगारदार माणसाला सणांचे, रजेचे आणि आजारपणाचेही पैसे मिळतात. कंत्राटदाराला ते मिळत नाहीत. एक काम संपून दुसरे सुरू होईपर्यंतच्या खंडाचे किमान २५ दिवस धरावेत आणि बिले, प्रस्ताव, पाठपुरावा, सीएकडच्या खेपा यांत जाणारे १२ दिवस वेगळे काढावेत. हाती उरतात १९० दिवस. दीड लाख महिन्याला, २१ दिवसांचा महिना, म्हणजे दिवसाला सुमारे ७,१४३ रुपये. १९० दिवसांचे १३ लाख ५७ हजार. यातून कुटुंबाचा आरोग्य विमा, मुदतीचा जीवन विमा, लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअरची भाडी, सीएची फी आणि महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाने वर्षाला भरायचा २,५०० रुपये व्यवसाय कर असा सगळा मिळून समजा दीड लाख खर्च आला, तर शिल्लक १२ लाख ७ हजार. कागदावर तीन लाखांनी जास्त दिसणारे कंत्राट प्रत्यक्षात जवळजवळ तीन लाखांनी कमी निघाले.

प्राप्तिकर यातला काही भाग परत देतो, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती-तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांत अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीचा वाटा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल, तर जमेच्या निम्मी रक्कमच उत्पन्न म्हणून दाखवता येते. वरच्या उदाहरणात ती ६ लाख ७९ हजार भरते आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरत नाही. पंधरा लाख सीटीसीत मूळ वेतन निम्मे धरले, तर पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊनही सुमारे ७८ हजार कर बसतो. तो फरक धरूनही कंत्राट दोन लाखांच्या वर मागेच राहते. म्हणून उलटा प्रश्न विचारावा: १५ लाखांची बरोबरी करायला दिवसाचा भाव किती हवा? पंधरा लाख अधिक दीड लाख खर्च, भागिले १९०, म्हणजे सुमारे ८,७०० रुपये. कराच्या सवलतीमुळे हा आकडा थोडा खाली येईल. पण वाटाघाटीला बसताना मी तो खाली आणत नाही, कारण अनिश्चिततेची किंमत कुठे तरी लागलीच पाहिजे.

नोकरीच्या बाजूचेही आकडे डोळसपणे पाहावेत. सीटीसीमध्ये मालकाचा १२ टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम), दोन्ही धरलेली असतात. वरच्या उदाहरणात ग्रॅच्युइटीचे वर्षाचे सुमारे ३६ हजार होतात. पण कायम नोकरीत पाच वर्षे भरण्यापूर्वी राजीनामा दिला, तर ते सामान्यतः हाती येत नाहीत. पाच वर्षांनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या २६ भागांपैकी १५ भाग, गुणिले सेवेची वर्षे, असा हिशेब असतो. ६२,५०० रुपये मूळ वेतनावर तो १ लाख ८० हजार होतो. तुमची साडेचार वर्षे झाली असतील, तर रुजू झाल्याची तारीख काढून पाहिल्याशिवाय राजीनामा देऊ नये. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या नेमणुकीवरील कर्मचाऱ्यांसाठी ही अट एका वर्षावर आणली आहे, पहिल्या प्रकारच्या कंत्राटाचे मोल त्यामुळे वाढले आहे.) मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने आणखी एक रक्कम लिहून ठेवावी: १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ते अर्ध्या वर्षाचे वेतन आहे आणि स्वतंत्र सल्लागाराला ते कोणीही देत नाही.

एवढे करूनही कंत्राटाकडे कल झुकत असेल, तर नोकरीच्या बळावर होणारी कामे आधी उरकून घ्यावीत. गृहकर्ज घ्यायचे असल्यास ते आताच घ्यावे. बँक पगारदाराकडे काही महिन्यांच्या पगारपत्रकांवर समाधान मानते, स्वतंत्र व्यावसायिकाकडे मात्र सहसा दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागते. स्वतःचा आरोग्य विमाही नोकरीत असतानाच काढावा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो. आईवडील त्या गटविम्यात असतील, तर त्यांची सोय सगळ्यात आधी पाहावी.

यानंतर करारपत्र. भाव ठरवताना ‘अधिक जीएसटी’ हे शब्द लेखी असावेत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करून बहुतेक सेवांवर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो आणि ते शब्द नसतील, तर तो कर आपल्याच भावातून जाण्याची वेळ येते. पैसे किती दिवसांत मिळणार आणि ते दिवस कोणत्या तारखेपासून मोजणार, हेही लिहून घ्यावे. गणपतीत दिलेल्या एका बिलाचे पैसे मला होळीनंतर मिळाले. काम पसंत होते, वादही नव्हता; बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नव्हता, म्हणून ते लेखा विभागात पडून राहिले आणि मी ‘प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर विसंबलो. तेव्हापासून तो क्रमांक हाती आल्याशिवाय मी कामाला सुरुवात करत नाही. काम सुरू होण्यापूर्वी उद्यम नोंदणीही (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवावी; २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. प्रत्यक्षात व्याज मागणारा कंत्राटदार विरळाच, पण पत्रात त्या कलमाचा उल्लेख आला की बिल हलते.

एक कलम मात्र मी सरळ धोक्याची सूचना मानतो. करारात ठरलेली वेळ, रोजची हजेरी, रजेसाठी परवानगी आणि ‘अन्य कोणाचेही काम करू नये’ अशी चारही बंधने असतील, तर ती पीएफ, ग्रॅच्युइटी आणि रजा काढून घेतलेली नोकरीच आहे. अशा प्रस्तावावर भाव वाढवून मागण्यापेक्षा नोकरीच मागावी.

घरात दुसरा पगार असेल, सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत असेल आणि पहिले काम संपल्यावर ज्यांना फोन करता येईल अशी किमान दोन माणसे ओळखीची असतील, तर कंत्राटाला हरकत नाही. तिसरी अट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच लोक तपासत नाहीत. यांतली एक जरी अट पुरी होत नसेल, तर वर्षभर थांबून ती जमवावी.

नोकरी सोडल्यावर पीएफ काढून घेण्याचा मोह आवरावा. सलग सेवेची पाच वर्षे भरण्यापूर्वी काढलेल्या रकमेवर सामान्यतः कर लागतो आणि पीएफला जोडलेल्या निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ती भरली नसेल, तर आधीच्या सेवेची नोंद असलेले योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, म्हणजे पुढे कधी नोकरीत परतलात तर जुनी वर्षे मोजली जातील.