अमेरिकन साहित्याचे संशोधक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील विद्यापीठात अमेरिकन साहित्याचे संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा आधी आवडता लेखक निवडतो आणि मग त्याच्याविषयी काय लिहावे याचा विचार करतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी प्रश्न सापडावा, आणि त्याचे उत्तर देऊ शकतील असे कागद कोठेतरी जपलेले असावेत.

हॅरिएट जेकब्झ यांचे उदाहरण पाहावे. गुलामगिरीतील आयुष्याविषयीचे त्यांचे आत्मकथन १८६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले, आणि त्यावर संपादक म्हणून लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांचे नाव असल्याने पुढे अनेक अभ्यासकांनी ते चाइल्ड यांनीच रचलेले मानले. अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी रॉचेस्टर विद्यापीठात जपलेली, जेकब्झ यांनी एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रे वाचली आणि लेखिका कोण हे सिद्ध केले. त्यावरचा निबंध १९८१ मध्ये, सटीप आवृत्ती १९८७ मध्ये, चरित्र २००४ मध्ये आणि कागदपत्रांचे संपादित खंड २००८ मध्ये आले. एकाच प्रश्नाने पाव शतकाहून अधिक काळ काम पुरवले.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षांत मात्र वाचन अरुंद ठेवू नये. प्राध्यापकपदाच्या जाहिराती १८६५ पूर्वीचा, म्हणजे अमेरिकी यादवी युद्ध संपण्यापूर्वीचा काळ, त्यानंतरचा काळ अशा विभागणीने निघत असल्या, तरी अध्यापनात सगळाच काळ हाताळावा लागतो.

जुने कागद जपणाऱ्या अभिलेखागारात जाण्यापूर्वी संग्रहाची सूची घरीच वाचून काढावी. तेथे पेन्सिलीनेच टिपणे घ्यावी लागतात, आणि प्रत्येक टिपणाशेजारी पेटीचा व फोल्डरचा क्रमांक त्याच क्षणी लिहावा, कारण तो नंतर आठवत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील, १८१२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीसारख्या संस्था संशोधकांना अभ्यासवृत्ती देतात. अर्ज लवकर सुरू करावेत. उद्धृतांसाठी आवृत्तीही पारखून घ्यावी: कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या कवितांच्या १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी विरामचिन्हे बदलली होती, त्यामुळे डिकिन्सन यांच्या आडव्या रेघांविषयीचा युक्तिवाद त्या पाठावर उभा राहूच शकत नाही.

नोकरीविषयी स्पष्ट बोलणे बरे. टेन्युअरची, म्हणजे सेवेच्या कायम हमीची, शक्यता असलेली पदे थोडी आहेत, आणि अनेक पदवीधरांना कंत्राटी अध्यापनावर राहावे लागते. पद मिळालेच, तर अमेरिकेतील प्राध्यापकांच्या व महाविद्यालयांच्या संघटनांनी काढलेल्या १९४० च्या सर्वमान्य निवेदनानुसार परिवीक्षेचा, म्हणजे टेन्युअरपूर्वीच्या चाचणीचा, काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा. प्रत्यक्षात टेन्युअरसाठीचे मूल्यमापन बहुधा सहाव्या वर्षी होते, आणि संशोधनप्रधान विद्यापीठांत तोवर एक ग्रंथ अपेक्षित असतो. प्रबंध म्हणजे तो ग्रंथ नव्हे. पूर्वसूरींचा आढावा घेणारे प्रकरण काढून टाकावे, परीक्षकांना धीर देण्यासाठी लिहिलेल्या तळटिपा गाळाव्यात, आणि सर्वांत भक्कम प्रकरण आधी एखाद्या नियतकालिकाकडे पाठवावे. त्यावरचे परीक्षकांचे अभिप्राय कठोर असले, तरी उरलेल्या प्रकरणांचे पुनर्लेखन त्यांच्या आधारे करता येते.