नाशकात राहायला आलात ना, मग मंडळीत नाव घाला (का आणि कसं)

नाशकात नवीन आलेले ख्रिस्ती विश्वासी बरेच भेटतात. कोणी सातपूर-अंबडला कंपनीत लागलेलं असतं, कोणी पोरांच्या शाळेसाठी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलेला असतो, आणि रविवारचं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही घरीच करतो, यूट्यूबवर पुण्याचे एक पास्टर लावतो, फार छान बोलतात." छान बोलतात हे खरंय, मीपण ऐकतो. पण उद्या तुम्ही ॲडमिट झालात तर ते येणारेत का? बायबलात याकोब ५:१४ मध्ये लिहिलंय की आजारी माणसानं मंडळीच्या (म्हणजे आपल्या चर्चच्या) वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार पुढाऱ्यांना बोलवावं, आता बोलवायचं म्हणजे आधी वडील कोण ते माहीत पाहिजे, त्यांचा नंबर पाहिजे आणि त्यांनाही तुमची बिल्डिंग कुठली ते ठाऊक पाहिजे.

म्हणून चर्च शोधायला निघायच्या आधी एक संध्याकाळ बायबल घेऊन बसा. सरळ सांगतो, "मेंबरशिपचा फॉर्म भरा" असं वचन तुम्हाला कुठेच सापडणार नाही, आणि लोक तेवढ्यावरच थांबतात. पण वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: ही आज्ञा मी एकटा घरी बसून पाळू शकतो का? मग बघा काय होतं ते. मत्तय १८ मध्ये येशू सांगतो की भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. कोणत्या मंडळीला? जगभरच्या सगळ्या ख्रिस्ती लोकांना तर सांगता येत नाही, म्हणजे ठराविक माणसं हवीत, जी तुम्हा दोघांनाही ओळखतात. इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांचं ऐका म्हटलंय, कारण त्यांना तुमच्या जिवांचा हिशेब द्यायचाय. आता ज्याला तुमचं नावच माहीत नाही तो तुमचा हिशेब कसा देणार? आणि इब्री १०:२५ तर सगळ्यांना पाठ असतं, एकत्र जमणं सोडू नका, जशी काहींची सवय आहे तसं. म्हणजे बंक मारणारे तेव्हाही होते!

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटणारी जागा मात्र वेगळीच आहे, १ तीमथ्य ५. तिथे प्रेषित पौल विधवांच्या यादीबद्दल लिहितो, की ६० वर्षांच्या आतली बाई त्या यादीत घेऊ नये, तिनं लेकरं वाढवलीत का, पाहुण्यांचं केलंय का, अडलेल्यांना मदत केलीय का ते बघावं. जरा विचार करा, हे ठरवायला कोणाला तरी त्या बाईचं वय माहीत होतं, तिच्या घरी कोण येतं-जातं ते माहीत होतं, मुलं-नातवंडं सांभाळतात की नाही हेसुद्धा, कारण सांभाळणारे असतील तर मंडळीवर भार टाकू नका असंही तिथेच आहे. १ करिंथ ५ मध्ये पौल "आतले" आणि "बाहेरचे" असा सरळ फरक करतो, तोही कोण आत आहे ते ठाऊक असल्याशिवाय होत नाही. आणि त्याची पत्रं बघा ना, बहुतेक एकेका गावच्या मंडळीला लिहिलेली, करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका. तीत या आपल्या सहकाऱ्याला तर त्यानं क्रेत बेटावर गावोगाव वडील नेमायलाच ठेवलं होतं.

आता शोधायचं कसं. कॅथलिक असाल तर सोपंय, राहता त्या भागावरून पॅरिश ठरतो, ऑफिसात जाऊन कुटुंबाची नोंद करून टाका. बाकीच्यांना फिरावं लागतं. नाशकात चॉइस कमी नाही, शरणपूरला तर १८५० च्या दशकात सीएमएसच्या (चर्च मिशनरी सोसायटी) इंग्रज मिशनऱ्यांनी ख्रिस्ती वस्तीच वसवली, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंपण तिथे शिकली, त्यातलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन १८७४ साली लंडनला पोचला. घर नाही, गाव नाही अशा पोरांना इथल्या मंडळीत जागा मिळाली होती हे नाशिककरांनाच माहीत नसतं, असो. शरणपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प इकडे जुनी चर्चेस आहेत, सिडको-सातपूरकडे घरात किंवा हॉलमध्ये जमणाऱ्या छोट्या मंडळ्या आहेत. माझं मत विचाराल तर जवळची बघा. देवळालीला राहून दर रविवारी गंगापूर रोडला जाणारे आहेत, रविवार जमतो पण बुधवारची प्रार्थना जमत नाही, आणि खरी ओळख बुधवारीच होते.

पहिल्या दिवशी काय होईल तेपण सांगतो. भक्ती संपली की दारात कोणीतरी "जय ख्रिस्त" म्हणून हात मिळवेल, चहाचा कप हातात देईल आणि विचारेल, "मूळचे कुठले? नगरचे का?" मग कोणत्या मिशनचे, आडनाव काय, अमुक मास्तर तुमचे कोण. नवीन माणसाला हे चौकशीसारखं वाटतं, पळून जाऊ नका, ती आपली ओळख काढायची पद्धत आहे. आणि कोणीच नाही विचारलं तर तुम्ही विचारा. एकाच रविवारात मत बनवू नका, दोन-तीन महिने एकाच ठिकाणी जा, दर आठवड्याला नवीन चर्च ट्राय करत बसू नका.

बघायचं काय? गाणी आणि साउंड सिस्टिम शेवटी. आधी बघा की वचन उघडून नीट समजावतात का, का नुसते किस्से. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) होतं का. पाळकाला, म्हणजे पास्टरला, प्रश्न विचारणारं कोणी आहे का, वडील, कमिटी, काहीतरी, की सगळं एकाच माणसाच्या आणि त्याच्या बायकोच्या हातात आहे. दानार्पणाचा हिशेब वर्षातून एकदा मंडळीसमोर वाचतात का, हे विचारायला लाजू नका, पौलानंही यरुशलेमसाठीची वर्गणी पोचवताना सोबत माणसं घेतली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). भांडणं आहेत का हे मात्र विचारू नका, असणारच. प्रेषित ६ मध्ये पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं म्हणून कुरकुर झाली होती. बघायचं ते पुढचं: तिथे सात माणसं निवडून विषय सोडवला, इथे काय करतात?

पटलं की पाळकांना भेटा आणि स्पष्ट म्हणा, "आम्हाला नाव घालायचंय." बाप्तिस्म्याचा दाखला न्या, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याचा, आणि तुम्ही तिथले होतात असं जुन्या मंडळीचं पत्र. काही ठिकाणी आधी क्लास असतो, करून टाका. मग ते जाड रजिस्टर निघतं, कापडी पुठ्ठ्याचं, त्यात नाव, बापाचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, पत्ता. बाप्तिस्मा झाला नसेल किंवा घरून विरोध असेल तर तेही पाळकांना मोकळेपणाने सांगा, तुमच्या घरची परिस्थिती त्यांना कळली पाहिजे, घाई कोणी करायला लावत असेल तर थांबा.

नाव लागलं म्हणजे झालं नाही. १ करिंथ १२ मध्ये मंडळीला शरीर म्हटलंय, तिथला डोळा हाताला "तू नको" म्हणू शकत नाही, पण डोळ्यानं बघायचंच बंद केलं तर? संडेस्कूलला माणूस लागतोच, आजारी लोकांकडे जायला लागतो, खुर्च्या लावायला लागतो. एक काम धरा. तीन नको, तीन धरणारे दिवाळीपर्यंत दमतात.

कोणीतरी म्हणेलच, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी पण मिशन सोडलंच की. सोडलं, १९१७ ला. पण रेव्हरंड नारायण वामन टिळक घरी एकटे जाऊन बसले नाहीत, साताऱ्याला देवाचा दरबार काढला, म्हणजे माणसं गोळाच केली, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. त्यांचं ते करणं बरोबर की चूक यावर वाद घाला हवा तर, पण सोफ्यावरच्या भक्तीला त्यांचं नाव लावू नका. "माझं चर्चमध्ये मन दुखावलंय" हे कारण मात्र मी हलकं धरत नाही. तसं असेल तर दुसरी मंडळी बघा, नव्या पाळकांना काय झालं ते सांगा, आणि सहा महिने मागच्या बाकावर बसलात तरी चालेल.

आणि नाशिक सोडायची वेळ आली, बदली झाली, पोरगा पुण्याला गेला, तर गुपचूप जाऊ नका. पाळकांना सांगा, पत्र मागून घ्या, जमलं तर त्यांनाच तिकडच्या पाळकांना फोन करायला लावा. रोमकरांस १६ ची सुरुवातच अशी आहे, किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी तुमच्याकडे येतेय, तिला नीट घ्या, लागेल ती मदत करा. पत्र तुम्ही जायच्या आधी तिकडे पोचलं नाही तरी निदान पहिल्या रविवारी खिशात असू द्या, महिनाभरानं व्हॉट्सॲपवर फोटो मागवायची वेळ आणू नका.