जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर उतरवताय? या चुका टाळा

माळ्यावरची कॅसेट काढली, धूळ झटकली आणि थेट व्हीसीआरमध्ये सरकवली, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात आत्याच्या लग्नाच्या कॅसेटने वीसेक पावसाळे काढले होते. पारदर्शक खिडकीतून रिळाच्या कडेला पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसत होतं. ती बुरशी. मी तशीच लावली. दोन मिनिटं नवरदेव दिसला, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. बुरशी हेडवर, म्हणजे व्हीसीआरमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, जाऊन बसली आणि नंतर लावलेल्या बारशाच्या धडधाकट कॅसेटलाही तिचा प्रसाद मिळाला.

म्हणून आधी फ्लॅप उचलून टेप उजेडात बघा. पांढरं दिसलं तर कॅसेट बाजूला काढा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. आमची एका जुन्या शूटिंगवाल्यानं करून दिली. हेड पुसायचा कापूस कानातल्या काडीचा नको, धागा अडकून हेडचं बारीक टोक तुटतं. प्लग काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेलं बिनधाग्यांचं कापड ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला) टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की गेलंच. आणि नवा व्हीसीआर आता कुठून आणणार? शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

कॅसेट चांगली असली तरी वर्षानुवर्षं पडून असेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी लग्न पुसलं जाणार नाही.

चित्र काळं-पांढरं येतंय किंवा वर-खाली पळतंय? बहुतेक वेळा कॅप्चरच्या, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी ही अमेरिकी टीव्हीची पद्धत निवडलेली असते. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून सेटिंग ७२० बाय ५७६. अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली कॅसेट मात्र खरंच एनटीएससी असू शकते. ती चालवणारा व्हीसीआरच लागतो.

आवाजात मी दुसऱ्यांदा फसलो. पिवळी, लाल, पांढरी, तिन्ही पिना नीट लावल्या होत्या, पण सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा स्रोत लॅपटॉपचा माइकच राहिला. रात्री फाइल लावली तर आत्याच्या मंगलाष्टकांत ‘शुभमंगल’च्या आधी आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. पूर्ण तास वाया. तेव्हापासून आधी दोन मिनिटं उतरवायची, हेडफोन लावून ऐकायची, मगच पुढे.

आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत असेल तर कॉम्प्युटर फ्रेम गाळतोय. बाकी सगळं बंद करा, ब्राउझरसुद्धा. रेकॉर्डिंग ४ जीबीला अचानक थांबत असेल तर दोष कॅसेटचा नाही. बाहेरची हार्ड डिस्क फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर त्याहून मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही. आतला डेटा दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस फॉरमॅटमध्ये करा. मिनी-डीव्हीची (डिजिटल कॅमेऱ्याची छोटी) टेप असेल तर पिवळ्या-लाल वायरींच्या भानगडीत पडू नका, कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला जोडायच्या फायरवायर केबलने थेट घ्या. तासाला १३ जीबी जागा मात्र मोकळी ठेवा.

तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर कोंबायचा मोह सगळ्यांनाच होतो. ४.७ जीबीत तास-दीड तास बरा दिसतो, पुढे चेहऱ्यांचे चौकोन होतात. दोन डिस्क करा, काही बिघडत नाही.

आत्या सातपूरला. तिच्याकडे डिस्क घेऊन गेलो, पेढेसुद्धा घेतले होते, आणि तिचा जुना प्लेअर डिस्क वाचेचना. मी फाइल नुसती ओढून टाकली होती, म्हणजे ती डेटा डिस्क झाली. प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ हवी असते, ती ऑथरिंगच्या, म्हणजे फाइलला डीव्हीडीच्या साच्यात बसवणाऱ्या, सॉफ्टवेअरमधूनच बनते, आणि शेवटी डिस्क फायनलाइज, म्हणजे दुसऱ्या प्लेअरला वाचता यावी म्हणून बंद, करावी लागते. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी कॅसेटही सोबत नेली, तिनं ती कपाटात साड्यांखाली ठेवली.