लॉजिकल रीझनिंगच्या (तर्काच्या) प्रश्नातलं तत्त्व पटकन पकडायचं असेल तर

क्लॅटची, म्हणजे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरापोरींसाठी. 'या उताऱ्यामागचं तत्त्व कोणतं' असं विचारलं की बरेच जण उताऱ्यातलेच शब्द दिसणारा पर्याय मारून मोकळे होतात, आणि सापळा नेमका तिथेच असतो.

१. आधी निष्कर्ष शोधा. 'म्हणून', 'त्यामुळे' च्या पुढे बघा.

२. पर्याय वाचायच्या आधीच नावं, गावं, वस्तू काढून टाका आणि 'जो अमुक करतो, त्याने तमुक करावं' असं एक वाक्य बनवा. समजा रावेरच्या एका शेतकऱ्याने स्वतःच्या केळीसाठी पाट वळवला, त्यात शेजाऱ्याचा हरभरा बुडाला, म्हणून भरपाई त्यानेच द्यावी असा उतारा आहे. तर वाक्य होतं, जो स्वतःच्या फायद्यासाठी काही करतो त्याने त्यातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून द्यावं. आता 'पाटाच्या पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क' हा पर्याय कितीही जवळचा वाटू द्या, तो उडाला, कारण भरपाईबद्दल तो काही बोलतच नाही ना.

३. दोन पर्याय उरले तर प्रत्येक खरा मानून बघा, निष्कर्ष निघतो का. ही पायरी सगळ्यात कामाची आहे, घाईत हीच सोडू नका.

फक्त एक सांभाळा, आपल्याला स्वतःला काय बरोबर वाटतं ते मध्ये आणू नका, उताऱ्यातलं मत पटलं नाही तरी तत्त्व त्याच मताचं शोधायचंय, आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ मार्क कापले जातात.