चिनी ‘त्सोउ’: ठिकाण आलं की वापरू नका

चिनी शिकताना ‘त्सोउ’ म्हणजे ‘चालणे’ एवढंच पाठ केलं, की ‘मी बीजिंगला जातो’ याचं हमखास ‘वो त्सोउ बेइजिंग’ होतं. ते चूक आहे.

वाक्य जुळवण्याआधी एवढं पाहा:

१. ठिकाणाचं नाव येतंय? मग ‘छ्यू’: ‘वो छ्यू बेइजिंग’. पायी पोहोचलात तर मात्र ‘त्सोउ’ला ‘दाओ’ जोडून पुढे ठिकाण चालतं.

२. ठिकाण नाही, नुसतं निघायचंय? ‘वो त्सोउ ल’, म्हणजे ‘निघालो मी’.

३. पायी चालण्यावरच भर असेल तर ‘त्सोउलू’.

रस्ता सांगतानाही हेच क्रियापद. ‘वांग छियेन त्सोउ’ म्हणजे सरळ पुढे जा. डावीकडे वळायचं तर ‘वांग त्सुओ त्सोउ’. इथे ‘त्सुओ’ म्हणजे डावं, आणि घाईत दोन्ही शब्दांची अदलाबदल होते. दोन्हींतला ‘त्स’ आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’सारखा काढा, ‘झ’ नको.

बाकी काही ठिकाणी मराठीच्या ‘चालणे’चा आधार मिळतो. घड्याळ बंद पडलं तर चिनी माणूसही ‘बियाओ बू त्सोउ ल’ म्हणतो, घड्याळ चालत नाही. बुद्धिबळात चाल करायलाही ‘त्सोउ’च. मला तर हे कोष्टकांपेक्षा लवकर लक्षात राहतं.

एक जपा: ‘था त्सोउ ल’चा अर्थ आपल्या ‘तो गेला’सारखाच ‘वारला’ असाही होतो. आजारी माणसाबद्दल बोलताना तो कुठे गेलाय ते ‘छ्यू’ वापरून स्पष्ट सांगा.