स्पोर्ट्स कार दारात येण्याआधी

टोकन भरलंत, स्पोर्ट्स कार बुक झाली, आता काही महिने थांबणं आलं. या काळात रंगाचे फोटो बघत बसू नका. टेप घ्या आणि गेटबाहेर या. रस्ता कुठे संपतो, गटारावरची फरशी कुठे सुरू होते, तिथून पोर्चपर्यंत चढ किती, हे मोजा. बाकीच्या गोष्टींची आठवण शोरूमवाले करून देतात, याची कुणीच देत नाही. मागच्या गाडीच्या वेळी माझं एवढंच राहिलं, आणि पुढच्या बंपरची खालची कड पहिल्याच संध्याकाळी आमच्याच फरशीवर सोलून निघाली.

आपल्या बेळगावकरांना अशा गाड्यांच्या शोरूम पुणे, मुंबई, बेंगळूरला. डेमो गाडी बघायला जाल तेव्हा टेप बरोबर न्या आणि लाज न बाळगता गाडीपुढे खाली बसा. दोन मापं घ्यायची. पुढचं चाक जमिनीला टेकतं तिथून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि त्या टोकाची जमिनीपासून उंची. समजा अंतर ९० सेंटीमीटर आणि उंची १२ भरली, तर साडेसातास एक, म्हणजे साडेसात सेंटीमीटर लांबीला एक सेंटीमीटर चढ, याहून उभ्या चढावर बंपर टेकणारच. म्हणून दहास एक धरा. रस्त्यापेक्षा पोर्च ३० सेंटीमीटर उंच असेल तर उतार ३ मीटर लांब हवा. बाहेर तेवढी जागा नसते आणि रस्त्यावर पुढे यायचं नाही, तेव्हा गेटच्या आतली फरशी फोडून उतार आत लांबवा. घरचे कुरकुरतील, तरी फोडा.

गवंड्याला ‘गाडी चढेल असं कर’ एवढंच सांगून कामावर निघून जाऊ नका. त्याच्या डोळ्यापुढे जीप असते. समोर उभे राहा. उतार सुरू होतो तिथून ९० सेंटीमीटर आत, पाणसळ धरून उंची मोजा. ती ९ सेंटीमीटरच्या वर नको. वरच्या टोकाला, जिथे चढ संपून पोर्च सुरू होतो, तिथे कंगोरा ठेवू देऊ नका, तो गोलसर करून घ्या. बंपर सुटला तरी गाडीचं पोट तिथेच घासतं. गटारावरची जुनी शहाबादी फरशी काढून तिथे सळई घातलेला स्लॅब टाका. आणि हे सगळं मे महिन्याच्या आत. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की गवंडी हाताला लागत नाही, आणि नव्या काँक्रीटला पाणी मारून पुरं व्हायला महिनाभर तरी द्यावा लागतो.

बटण दाबलं की गाडीची पुढची बाजू वर उचलणारी लिफ्ट मिळत असेल तर रंगीत शिलाई आणि कार्बनच्या पट्ट्यांच्या आधी तिच्यावर पैसे घाला. नियमात बसणारा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्ल्यांतले मनाने घातलेले त्याहून अरुंद आणि टोकदार. तिथे लिफ्ट वाचवते. पण लिफ्ट घेतली म्हणून उताराचं काम टाळू नका. दमून रात्री घरी येताना बटण दाबायचं विसरलं की झालं.

आता पैशांचं. कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला १८ टक्के आजीवन कर आहे, वर सेस. पलीकडे महाराष्ट्रात तेवढ्याच किमतीच्या, देशात बनलेल्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. म्हणून सीमाभागात हमखास कुणीतरी सुचवतं, मामांचा कोल्हापूरचा पत्ता दे, एमएच ०९ घे. करू नका. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं, तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता आणि गाडी एरवी जिथे उभी असते, तिथेच नोंदणी. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नंबर बदलावाच लागतो. असली गाडी चारचौघांत लपत नाही. एकदा अडवली की कर भरूनच सुटका, शिवाय विम्याच्या क्लेमच्या वेळी पत्त्यावरून प्रश्न. सरळ बेळगावचा केए २२ घ्या. गाडी पुण्याहून आणणार असाल तर तात्पुरती नोंदणी करूनच सीमा ओलांडा. किंमत बुकिंगच्या दिवशीची की डिलिव्हरीच्या दिवशीची, हे लेखी घ्या. बाहेरून येणाऱ्या गाडीला चलनाचा दर आडवा येतो. १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो. बिलावर पॅन बरोबर आहे का ते बघा.

विमा झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि रिटर्न टू इनव्हॉइससह (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम). शोरूम ते घर या वाटेत गाडी कुणाच्या विम्यावर आहे, हेही लेखी.

गाडी तपासायची ती उन्हात, शोरूमच्या दिव्यांखाली नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर बघा. चासी नंबर कागदाशी ताडून घ्या. दोन्ही किल्ल्या.

पोर्चमध्ये बॅटरी मेंटेनरसाठी, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरू न देणाऱ्या चार्जरसाठी, प्लग पॉइंट काढा, उताराचं काम चालू असतानाच, म्हणजे भिंत पुन्हा फोडायला नको. मागे शेत असेल तर उंदरांचा बंदोबस्त करा. वायरिंग खातात. पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत किती ऑक्टेन (पेट्रोलच्या प्रतीचा आकडा) लिहिलंय ते वाचा आणि ते पेट्रोल बेळगावात कुठल्या पंपावर कायम असतं ते आधी फिरून बघा.

गाडी घेऊन येणारा कॅरियर ट्रक गल्लीत येणार नाही. उद्यमबागेत किंवा हायवेच्या सर्व्हिस रोडला रुंद, सपाट जागी उतरवून घ्या. तिथून घरापर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी स्कूटरवरून बघून ठेवा, रेल्वे गेटचे रूळसुद्धा. उताराची उंची पुन्हा एकदा मोजा. हो, पुन्हा. बांधकामाचं साहित्य किंवा कुंड्या तिथे कुणी ठेवल्या असतील तर हलवा. चढताना एकाने बाहेर उभं राहून बंपरखाली बघायचं, गाडी मुंगीच्या गतीने.

नारळ टायरपासून लांब फोडा, करवंट्या लगेच गोळा करा. पेढे, कुंदा, हार, ते होतंच.

पहिले काही हजार किलोमीटर मॅन्युअल सांगेल तसं चालवा, थंड इंजिन पिळू नका. गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट पावसाळ्यानंतर. बहुतेक गाड्यांना स्टेपनी नसते, पंक्चर किट असतं, त्याची मुदत बघा. ओढायचा हूक कुठे बसतो ते डिलिव्हरीलाच विचारून घ्या, आणि कधी टोइंगला फोन करावा लागला तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, पाठवा म्हणून सांगा.